मज्जा कुणाची जुळते?

मामेभावाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण सुचवलं, तेव्हा इंदूरला रामबागेतल्या घरी सगळं गणगोत जमलं. त्याचा रक्तगट बी. त्याच गटाचे काका, मावशी, आतेभाऊ, सगळे मज्जा द्यायला तयार. मामा मात्र गप्प बसून होते. शेवटी म्हणाले, "माझा गट ओ. बाप असून मी काही कामाचा नाही."

हा गैरसमज घरोघरी आहे. मज्जा द्यायला रक्तगट आड येत नाही. जुळावी लागतात ती एचएलए नावाची प्रथिनं. पेशींवरच्या या खुणा बघूनच प्रतिकारशक्ती आपलं कोण, परकं कोण हे ठरवते. यातली पहिली खूण फ्रेंच डॉक्टर जां दोसे यांनी १९५८ मध्ये शोधली. १९८० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या खुणांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे बहुधा गठ्ठ्यानेच वारशात येतात. आईचे दोन गठ्ठे, वडिलांचे दोन. मुलाला प्रत्येकाकडून एक. म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडं असली तर निदान एक जुळण्याची शक्यता ४४ टक्के. मामेभावाला एकच बहीण, ती जुळली नाही. काका-मावशी पूर्ण जुळणं तर फारच विरळा.

मग अनोळखी दाता शोधायचा. एचएलएचे गठ्ठे समाजागणिक वेगळे असतात. होळकरांच्या काळात इकडे आलेल्या आमच्यासारख्यांशी जुळणारा माणूस साताऱ्याच्या एखाद्या गावातही असू शकतो, पण त्याने नोंदणी तर केलेली हवी! दात्री ही चेन्नईची संस्था २००९ पासून अशी नोंदणी करते. तरी आपल्या लोकसंख्येच्या मानाने नोंदलेले भारतीय दाते फार थोडे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नोंदणीला गालाच्या आतून कापूस फिरवलेला पुरतो. मणक्यात सुई खुपसतात ही भीतीही खोटी. बहुतेकदा चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मज्जेतल्या मूळपेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, रक्तात उतरवतात आणि यंत्राने काही तासांत वेगळ्या करतात. प्रत्यक्ष मज्जाच घ्यायची असेल तर भूल देऊन कमरेच्या हाडातून.

आम्हाला नोंदणीतून कुणी मिळालं नाही. तेव्हा डॉक्टरांनी मामांनाच बोलावलं. बाप मुलाशी निम्मा जुळतोच, आणि आता निम्म्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड नावाचं औषध देतात. रुग्णाच्या शरीराला परकं समजून भराभर वाढू लागलेल्या दात्याच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, त्याने मरतात. शांत असलेल्या मूळपेशी मात्र वाचतात, कारण ते औषध पचवणारं एंझाइम त्यांच्याकडे भरपूर असतं.

रक्त तयार करणाऱ्या पेशीच दात्याच्या झाल्या की रक्तगटही हळूहळू बदलतो. काही महिन्यांनी मुलाचा रिपोर्ट आला, तो मामांनी स्वतः मोठ्याने वाचला: रक्तगट ओ.