कीश (भाज्या व चीजचा)

कीश : मैद्याच्या पारीत अंडी, दूध व क्रीम यांचे मिश्रण ओतून ओव्हनमध्ये भाजलेला फ्रेंच खाद्यपदार्थ. त्याचे माहेर फ्रान्सच्या ईशान्येकडील लोरेन प्रांतात. हा प्रांत १७६६ मध्ये फ्रान्सच्या राज्यात सामील झाला. ‘कीश लोरेन’ या जुन्या प्रकारात धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि परंपरेने चीज नसते. पूर्वी पारीही पावाच्या पिठाची करीत. शेजारच्या अल्सासमध्ये त्यात कांदा घालतात. चीज आणि भाज्या मागाहून आल्या. आज फ्रान्सबाहेरच्या अनेक घरांत मात्र कीश म्हणजे हाच प्रकार.

कीश साधायचा तर पाण्याचा बंदोबस्त करावा लागतो. पारीत पाणी कमीत कमी हवे, भाज्यांतले आधीच निघून गेलेले हवे आणि अंड्याच्या मिश्रणातले सुटता कामा नये. बिघडलेल्या बहुतेक कीशांचे कारण या तिन्हींपैकी एकात सापडते.

पारी : साधारण २३ सेंमी. व्यासाच्या टिनसाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड लोणी, चिमूटभर मीठ आणि तीन-चार चमचे गार पाणी पुरते. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. इथे नेमके उलट. लोणी फ्रिजमधून काढून बारीक तुकडे करून बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचे, तेही रवाळ दिसेपर्यंतच. स्निग्धांश मैद्याच्या कणांना वेढतो, त्यामुळे पाणी घातल्यावर ग्लुटेनचे चिवट धागे फारसे जुळत नाहीत. न विरघळलेले लोण्याचे कण ओव्हनमध्ये वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पारीला हलके पापुद्रे सुटतात. तुपात पाणी नसल्याने तुपाची पारी भुसभुशीत होते, पापुद्रे सुटत नाहीत. घरी काढलेले पांढरे लोणी वापरायचे तर त्यातले ताक नीट धुऊन, पाणी दाबून काढावे. पीठ मळायचे नाही, फक्त गोळा जमवायचा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा. हा विसावा टाळला तर लाटताना पारी मागे ओढली जाते आणि टिनमध्ये आक्रसते.

लाटलेली पारी टिनमध्ये बसवून तळाला काट्याने टोचे मारतात. वर बेकिंगचा कागद घालून राजमा किंवा वाटाण्यासारखी कोरडी कडधान्ये पसरतात, म्हणजे तळ फुगत नाही आणि कडा ढासळत नाहीत. १९०° से.ला सुमारे १५ मिनिटे भाजून कडधान्ये काढावीत व तळ कोरडा, फिकट सोनेरी होईपर्यंत आणखी ७-८ मिनिटे ठेवावे. शेवटी अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात फिरवला की मिश्रणाचा ओलावा तळात झिरपायला अटकाव होतो. घाईत ही पायरी गाळतात आणि मग कच्चा, चिकट तळ वाट्याला येतो. माझ्या मते सगळ्या कृतीत हीच पायरी सर्वांत मोलाची.

सारण : पालक उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळून घ्यावा. मशरूम आणि कांदा कोरडे होईपर्यंत परतावे. झुकिनीला मीठ लावून पाणी सुटू द्यावे, टोमॅटोच्या बिया काढाव्यात. चीजमध्ये ग्रुयेर, एमेंटल किंवा चेडर उत्तम. ताज्या मोझरेलाला पाणी सुटते. पनीर आम्लाने फाडलेले असल्यामुळे वितळत नाही, तुकडे तसेच राहतात. चव म्हणून ते घालायला हरकत नाही, पण चीजची जागा ते घेत नाही.

मिश्रण : एका अंड्याला १०० ते १५० मिलि. दूध-क्रीम हे प्रमाण सांभाळावे. अंड्यातली प्रथिने तापली की जाळे विणतात आणि द्रव त्यात धरून ठेवतात. अशा पातळ केलेल्या मिश्रणाला दाटायला साधारण ७५ ते ८५° से. लागते. त्यापुढे गेल्यास जाळे आवळते, पाणी बाहेर पडते आणि पोत भोकाभोकांचा होतो. म्हणून १६०-१७०° से.ला ३५ ते ४५ मिनिटे भाजावे आणि कडा घट्ट, पण मधला भाग किंचित थरथरता असतानाच बाहेर काढावे; उरलेली उष्णता काम पुरे करते. कापण्याआधी निदान १५ मिनिटे थांबावे.

६ मे २०२३ रोजी ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला. त्यानिमित्त होणाऱ्या सामुदायिक भोजनांसाठी राजवाड्याने जाहीर केलेला पदार्थ भाज्या व चीजचा कीशच होता. त्यात पालक, ब्रॉड बीन्स, टॅरागॉनची पाने व चेडर होते. पारीत मात्र लोण्याबरोबर डुकराची चरबी होती. मांस न खाणाऱ्यांनी तिच्याऐवजी लोणीच वाढवावे.

अंडी वगळून कॉर्नफ्लोअर व दुधाचे दाट मिश्रण घालूनही असा पदार्थ करतात. ते मिश्रण अंड्याच्या प्रथिनांऐवजी स्टार्चमुळे दाटते, त्यामुळे तोंडात वेगळेच लागते; त्याला भाज्यांचा टार्ट म्हणणे अधिक योग्य. उरलेला कीश दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. तो तीन दिवस चांगला राहतो, पण गरम ओव्हनमध्येच करावा. मायक्रोवेव्हमध्ये पारी मऊ पडते.