पटेल, विठ्ठलभाई झवेरभाई

(१८७३ ?—२२ ऑक्टोबर १९३३). भारतीय बॅरिस्टर, मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले लोकनियुक्त अध्यक्ष आणि सरदार वल्लभभाईंचे थोरले बंधू. घराणे तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातील करमसदचे; जन्मस्थान म्हणून करमसद व नडियाद अशी दोन्ही नावे आढळतात. जन्मवर्ष बहुधा १८७३. गोध्रा व बोरसद येथे वकिली केल्यावर १९०५ मध्ये ते विलायतेस गेले. जाण्याची तयारी खरे तर वल्लभभाईंची. पण दोघांचीही आद्याक्षरे व्ही. जे. असल्याने कागदपत्रे थोरल्याच्या कामी आली. १९०८ मध्ये परतून त्यांनी मुंबईत व्यवसाय मांडला.

१९१२ मध्ये ते मुंबई विधिमंडळात निवडून आले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात फेटाळले गेले होते. पटेलांनी तीच कल्पना आखूड करून नगरपालिकांपुरती मांडली आणि १९१८ मध्ये ‘पटेल कायदा’ संमत झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील या प्रकारचा हा पहिला कायदा मानतात (बडोदे संस्थानात सक्ती आधीच होती). त्यांचे आंतरजातीय विवाहाचे विधेयक मात्र सनातन्यांच्या विरोधामुळे बारगळले.

स्वराज्य पक्षातर्फे १९२३ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. ऑगस्ट १९२५ मध्ये अवघ्या दोन मतांनी अध्यक्ष होताच त्यांनी पक्ष सोडला. सप्टेंबर १९२८ मध्ये परदेशी कम्युनिस्टांना हद्दपार करण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर ६१ विरुद्ध ६१ अशी समान मते पडली. असा अपवादात्मक कायदा हवा असेल, तर बहुमत मिळवण्याची जबाबदारी मांडणाऱ्याची, या भूमिकेतून त्यांनी निर्णायक मत विरोधात टाकले. सरकारने विधेयक पुन्हा आणले; ते विचारार्थ आले, तेव्हा कम्युनिस्ट व कामगार पुढाऱ्यांवरील मीरत कटाचा खटला न्यायप्रविष्ट होता. दोन्हींचा आधार एकच असल्याने खटल्याला बाध न आणता चर्चा अशक्य. म्हणून खटला तरी मागे घ्या किंवा विधेयक तरी थांबवा, असे त्यांनी सुचवले. सरकार नमले नाही. ८ एप्रिल १९२९ रोजी ते निर्णय देण्याच्या बेतात असतानाच भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले. ११ एप्रिलला विधेयक नियमबाह्य ठरले. मग व्हाइसरॉय आयर्विन यांनी त्याऐवजी वटहुकूम काढला. या निर्णयात काहींना राजकारण दिसते; त्यामागील युक्तिवाद मात्र शुद्ध वकिली आहे. अध्यक्षाच्या हाताखाली स्वतंत्र सचिवालयही त्यांच्याच आग्रहाने १९२९ मध्ये आले.

एप्रिल १९३० मध्ये राजीनामा, पुढे कारावास, नंतर उपचारांसाठी यूरोप. जिनीव्हानजीक त्यांचे निधन झाले. परदेशातील प्रचारासाठी सुभाषचंद्र बोस यांच्या हाती सोपवलेला मृत्युपत्रातील हिस्सा मुंबई उच्च न्यायालयाने १९३९ मध्ये संदिग्धतेमुळे रद्द ठरवला.