काल्मिक आडनावे

काल्मिक आडनावे : कॅस्पियन समुद्राच्या वायव्येस, रशियाच्या काल्मिकिया प्रजासत्ताकात राहणाऱ्या मंगोलवंशीय काल्मिक लोकांची आडनावे. हे मूळचे ओइरात, म्हणजे पश्चिमेकडचे मंगोल. सतराव्या शतकात ते मध्य आशियातून व्होल्गा नदीच्या खालच्या टापूत आले. त्यांच्यात पूर्वी आडनावाची चाल नव्हती. बापाचे नाव षष्ठी विभक्तीत आधी आणि स्वतःचे नंतर, एवढ्यावर भागत असे. रशियन दप्तरी नोंदी होऊ लागल्या, तशी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाला ‘-ओव’, ‘-एव’, ‘-इन’ अशी शेपटी लागून आडनावे पक्की झाली. बाईच्या आडनावाला वर आणखी ‘आ’ लागतो : बद्माएव, बद्माएवा. जुनी रीत साहित्यात मात्र टिकली. कवी दाविद कुगुल्तिनोव (१९२२–२००६) काल्मिक भाषेत ‘कोग्ल्तिन दावा’ होतात.

शेपटी काढली की मराठी वाचकाला ओळखीचे काही सापडते. बद्माएवमधला ‘बद्मा’ म्हणजे पद्म, एर्द्निएवमधला ‘एर्द्नि’ म्हणजे रत्न आणि ओचिरोवमधला ‘ओचिर’ म्हणजे वज्र. हे संस्कृत शब्द बौद्ध धर्माबरोबर मध्य आशियातल्या भाषांतून झिजत मंगोल भाषेत पोचले. बाकीची पुष्कळ नावे तिबेटी : संजिएव (बुद्ध), त्सेरेनोव (दीर्घायुष्य), दोर्जिएव. ‘दोर्जी’ म्हणजेही वज्रच, त्यामुळे ओचिरोव आणि दोर्जिएव यांचा अर्थ एकच.

वारांची नावेही तिबेटीच. दावाएव सोमवारचे, पुर्वेएव गुरुवारचे, बासांगोव शुक्रवारचे, बेम्बेएव शनिवारचे. वार ग्रहांवरूनच पडलेले आहेत आणि ग्रहांचा क्रम आपलाच आहे. गणिताचे अध्यापनशास्त्रज्ञ प्युर्व्या मुच्काएविच एर्द्निएव यांच्या नावात आधी गुरुवार, मग वडील मुच्का आणि शेवटी रत्न येते.

शुद्ध मंगोल शब्दही आहेत : उलानोवमधला ‘उलान’ (लाल), बाताएवमधला ‘बाता’ (भक्कम). सर्वांत मजेदार आडनावे दृष्ट टाळण्यासाठी ठेवलेल्या नावांची. मुकुबेनोव हे ‘मू कोव्युन’, म्हणजे ‘वाईट पोरगा’ यावरून, तर नोखाएव ‘नोखा’, म्हणजे कुत्रा यावरून आले. आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू ही नावे ज्या धास्तीने ठेवीत, तीच ही.

२८ डिसेंबर १९४३ रोजी स्टालिनच्या राजवटीने साऱ्या काल्मिकांना सायबेरियात हद्दपार केले. परतीची वाट १९५७ मध्ये मोकळी झाली. त्या पिढीत मुलांना रशियन नावे देण्याचा प्रघात वाढला. म्हणून आज पहिले नाव रशियन आणि आडनाव काल्मिक अशी जोडी सर्रास दिसते. डॉन आणि व्होल्गा या नद्यांकाठच्या काही घराण्यांची आडनावेसुद्धा रशियन आहेत.

आडनाव एक असले तरी कूळ एक असतेच असे नाही, कारण संजी नावाचे आजोबा कुठल्याही वस्तीत असत. नाते ठरते ‘यासन’वरून; शब्दशः हाड, म्हणजे बापाकडचा वंश. त्यामुळे सोयरीक जमवताना जुनी माणसे आडनावावर न थांबता हाड विचारतात, जसे आपल्याकडे कुळी आणि देवक.