मृगात माठ गार का राहत नाही?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला, तरी व्हरांड्यातल्या माठाचे पाणी घसा निवेल इतके गार असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आभाळ भरून येऊनही पाऊस पडत नसतो तेव्हा, पारा ३६ पर्यंत उतरलेला असूनही तोच माठ कोमट पाणी देऊ लागतो. दोष माठाचा नाही. हवेत पाण्याच्या वाफेला फारशी जागा उरलेली नसते.

माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २,४०० ज्यूल उष्णता खर्च होते आणि त्यातली बरीचशी माठाकडूनच घेतली जाते. आपले शरीरही याच तत्त्वावर चालते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगात साधारण १०० वॅट उष्णता सतत तयार होत असते. तेवढी बाहेर टाकायला तासाला सुमारे १५० ग्रॅम घाम वाळावा लागतो. वाळावा लागतो, नुसता येऊन भागत नाही. अंगावरून ओघळून बनियन भिजवणारा घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र जवळपास तशीच ठेवतो.

हवा किती घाम वाळवू शकेल, हे ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात धरला की कळते. हवेचे तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असताना हे ‘ओले तापमान’ सुमारे २३ अंश भरते; ३६ अंश आणि ६५ टक्क्यांना ते ३० च्या आसपास जाते. घरचा कूलरही हेच मोजत असतो, कारण वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओल्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. म्हणून मे महिन्यात आपल्याला पांघरूण घ्यायला लावणारा कूलर जूनमध्ये खोलीत केवळ दमटपणा भरतो.

स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर या हवामानशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये ३५ अंश ओले तापमान ही मानवी सहनशक्तीची सैद्धांतिक मर्यादा मांडली. पुढे अमेरिकेत निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगांत शरीराचा उष्णतेचा तोल दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच ढळू लागला. कोरड्या, फार तापलेल्या हवेत तर तो त्याहूनही कमी ओल्या तापमानाला ढळला. हा दुसरा निष्कर्ष आपण वैदर्भीयांनी विशेष ध्यानात घ्यावा, कारण ‘आमचे ऊन कोरडे, त्याचा त्रास नाही’ असे आपण मुंबईकरांना मोठ्या तोऱ्यात ऐकवत असतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. ४५ अंशांची झळ तिला उष्णता देतच राहते, आणि घर्मग्रंथींनाही घाम किती वेगाने गाळता येईल याची मर्यादा असतेच. शिवाय तो घाम क्षणात उडून जात असल्याने आपण किती पाणी गमावले, हे सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग उमटेपर्यंत कळत नाही. कानाला दुपट्टा बांधण्याची इथली रीत ही झळ अडवण्यासाठीच आहे.

कोरड्या हवेत रात्री जमिनीची उष्णता आकाशाकडे लवकर निघून जाते, म्हणून वाळवंटातली पहाट सुखाची असते. दमट रात्री वाफ आणि ढग ती उष्णता अडवून धरतात, आणि दिवसभर थकलेल्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.

मृग लागला की कूलरचा पंप बंद करून, खिडक्या उघडून, नुसत्या वाऱ्यावर झोपणारी मंडळी म्हणूनच योग्य तेच करतात: पाण्याची नवी वाफ खोलीत येत नाही आणि त्वचेलगतची दमट हवा सतत बदलत राहते.