मोटारगाडीतील अधूनमधून उद्भवणारा विद्युत दोष

कधी दिसणारा व कधी आपोआप नाहीसा होणारा, वाहनाच्या वायरिंगमधील बिघाड. गॅरेजमध्ये त्याला सरसकट ‘लूज काँटॅक्ट’ म्हणतात. हेडलाइट मध्येच मंदावणे, चाक खड्ड्यात आदळले की डॅशबोर्डवरील काटे खाली पडणे, तापलेले इंजिन बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणे ही त्याची नेहमीची रूपे होत. उडालेला फ्यूज किंवा पूर्ण तुटलेली वायर तपासणीच्या वेळी जागेवरच सापडते. येथे मात्र गाडी गॅरेजात पोहोचेपर्यंत सारे सुरळीत झालेले असते. त्यामुळे दोष ज्या परिस्थितीत येतो ती मुद्दाम निर्माण करणे आणि दोष घडत असतानाच मोजमाप घेणे, हे या शोधाचे मर्म आहे. अंदाजाने एकेक सुटा भाग बदलत जाण्याची पद्धत सर्रास आढळते, पण ती खर्चिक असून फसवीही आहे, कारण भाग बदलताना कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा प्लग) काढून पुन्हा बसवला जातो आणि तेवढ्यानेच दोष काही दिवस दबतो.

कंप, उष्णता व ओलावा ही मूळ कारणे. कपलरमधील कथिलाचा मुलामा दिलेल्या पिना कंपामुळे सतत सूक्ष्म प्रमाणात घासत राहतात, निघालेल्या कणांचे ऑक्साइड होते आणि जोडाचा रोध वाढतो. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या दमट हवेने बॉडी अर्थचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून प्रवाह बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाचे, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लवकर गंजते. उंदरांनी वायर कुरतडणे हे कारणही आपल्याकडे कमी नाही.

शोधाची सुरुवात चालकाच्या माहितीपासून होते : दोष पावसात येतो की उन्हात, वळणावर की ब्रेक दाबताना, आणि त्या क्षणी आणखी काय काय बंद पडते. दोन उपकरणे एकदम बिघडत असतील, तर वायरिंगच्या आराखड्यात त्यांचा सामाईक फ्यूज, रिले (विद्युतचुंबकी स्विच) किंवा अर्थ पाहावा. फिलामेंटचे बल्ब असलेल्या गाडीत ब्रेक दाबताच मागचा इंडिकेटर मंद उजळू लागला, तर संशय त्या दिव्यांच्या अर्थवर घ्यावा; परतीची वाट अडल्याने प्रवाह दुसऱ्या फिलामेंटमधून मार्ग काढत असतो.

मोजमापात सर्वांत उपयुक्त परीक्षा म्हणजे भार चालू ठेवून विद्युत दाबाची घट मोजणे. ५५ वॅटच्या हॅलोजन दिव्याला सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह लागतो; त्याच्या मार्गात अर्धा ओहम रोध आला तरी सुमारे दोन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. एवढा अल्प रोध मल्टिमीटरच्या ओहम श्रेणीवर सहज नजरेतून निसटतो. शिवाय अनेक तारांपैकी एकच शाबूत असलेली वायरही त्या श्रेणीवर निर्दोष भासते. उलट दिवा लावून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्रावर व दुसरे दिव्याच्या अर्थ पिनेवर ठेवले, तर चांगल्या वाटेवर ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा अधिक दाब दिसत नाही. मीटर जोडलेला ठेवूनच हार्नेस (वायरींचा जुडगा) टप्प्याटप्प्याने हलवावा, कपलरवर हलके ठोकावे, संशयित सेन्सरला हेअर ड्रायरने ऊब द्यावी. आकडा ज्या ठिकाणी उसळतो, तेथे दोष असतो.

दरवाजाच्या बिजागरीजवळील रबरी नळी हे वायर तुटण्याचे हमखास ठिकाण आहे. दरवाजा हजारो वेळा उघडल्या-मिटल्याने आतील तांबे तुटते, पण वरचे आवरण अखंड राहते, म्हणून नुसत्या नजरेला काहीच दिसत नाही. नळी सरकवून प्रत्येक वायर अलगद ओढावी. शाबूत वायर ताठ राहते. तुटलेली किंचित लांबते, कारण तेथे केवळ आवरणच उरलेले असते.

फ्यूज अधूनमधून उडत असेल, तर त्याच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडतात. शॉर्ट होताच बल्ब प्रखर पेटतो आणि प्रवाह दोन अँपिअरच्या आत राहिल्याने वायर जळत नाही. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून बंधनकारक झालेली व पुढे भारतातही आलेली ओबीडी-२ ही गाडीतील दोष आपोआप ओळखणारी प्रणाली दोषाचा संकेतांक व त्या क्षणीची इंजिनाची स्थिती नोंदवून ठेवते. मात्र संकेतांक सर्किट दाखवतो, दोषी भाग नव्हे. सेन्सरचा संकेतांक त्याच्या वायरीमुळेही येतो. कॅन जाळ्यात, म्हणजे गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांना जोडणाऱ्या दोन वायरींच्या जाळ्यात, बॅटरी सोडवून दोन वायरींमध्ये सुमारे ६० ओहम मिळावेत. १२० मिळाल्यास टोकाच्या दोन रोधकांपैकी एकाशी संपर्क तुटलेला असतो.

एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या, कपलरवर टेस्ट लॅम्प किंवा ओहममीटर कधीही लावू नये, एअरबॅग फुटण्याचा धोका असतो.

दुरुस्तीत त्याच जाडीची वायर वापरून जोड दाबून घट्ट करतात व त्यावर स्लीव चढवतात. बिजागरीजवळ जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घ्यावा लागतो, कारण डाख दिलेली वायर डाखाच्या कडेशी पुन्हा तुटते. त्यानंतर गाडी पूर्वीच्याच परिस्थितीत, म्हणजे तशीच तापवून, भिजवून किंवा खडबडीत रस्त्यावर नेऊन, पुन्हा तपासली जाते.