‘मिश्रण लीन’ म्हणजे ‘ऑक्सिजन सेन्सर खराब’ नव्हे

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) हा कोड येतो आणि लगेच नवा ऑक्सिजन सेन्सर बसतो. थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागतो, मग ‘सेन्सर डुप्लिकेट निघाला’ म्हणून तिसरा आणला जातो. चांगले सेन्सर असे फुकट काढून टाकलेले बघवत नाहीत.

सेन्सरचं काम तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो: तो धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो.

सेन्सर स्वतःच बिघडला तर त्याचे कोड वेगळे असतात. पी०१३० सर्किटचा, पी०१३३ सेन्सर मंदावल्याचा, पी०१३५ त्याच्या हीटरचा. तेव्हाही आधी फ्यूज, वायर आणि कनेक्टर बघा, मग सेन्सर.

पी०१७१ मध्ये तक्रार सेन्सरची नसते, मिश्रणाची असते. सेन्सर ‘ऑक्सिजन जास्त आहे’ असं सांगत राहतो, ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो, आणि ती वाढ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की कोड पडतो. ही वाढ-घट म्हणजे फ्युएल ट्रिम. ट्रिम अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारणपणे काळजी नको. अधिक २० किंवा २५ दिसत असेल, तर एकतर न मोजलेली हवा आत येतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर बहुतेक वेळा खरं तेच सांगत असतो!

नेमकं कोणतं कारण, ते कोडमधून कळत नाही, ट्रिममधून कळतं. गरम इंजिनवर आधी आयडलला (गाडी उभी, रेस न देता) ट्रिम बघा, मग २५०० आरपीएमपर्यंत रेस करून बघा. आयडलला खूप जास्त आणि रेस केल्यावर उतरत असेल, तर फाटलेला व्हॅक्यूम होज किंवा इंटेकचं (हवा आत जाण्याच्या मार्गाचं) गळकं गॅस्केट शोधा. आयडलला इंजिन हवा थोडीच घेतं, म्हणून चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा पडतो. आरपीएम वाढले की तीच गळती नगण्य होते. (हे आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांचं. नुसता इंटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर गळतीने बहुधा आयडलच चढतं.) उलट, आयडलला ठीक आणि आरपीएम किंवा लोड वाढला की ट्रिम चढत असेल, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर. इथे फ्युएल प्रेशर गेज लावायलाच हवा. अंदाजाने पंप बदलणं मला अजिबात मान्य नाही.

सेन्सरची दिशाभूल मात्र होऊ शकते. त्याच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मिसफायर होत असेल, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नसेल, तर न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच पुढे येतो. दोन्ही वेळा सेन्सर ‘लीन’ म्हणतो, आणि दोन्ही वेळा तो बदलून काहीच होत नाही. म्हणून पी०१७१ सोबत पी०३०० ते पी०३०४ या मिसफायरच्या कोडपैकी काही असेल, तर मिसफायर आधी सोडवा.

सिलिंडर दोन रांगांत असतील तर कोड बँक १ चा की बँक २ चा, म्हणजे कोणत्या रांगेचा, एवढं नीट वाचा. पहिला सिलिंडर ज्या बाजूला ती बँक १.

आणि काहीही उघडण्याआधी कोड पुसू नका. कोड पडला तेव्हाचे आरपीएम, लोड, तापमान आणि ट्रिम फ्रीज फ्रेममध्ये साठलेले असतात. कोड पुसला की तेही जातं, म्हणून आधी लिहून घ्या.