परमनंट नोकरीचा जमाना आला कधी आणि गेला कधी

बाबा एका कंपनीत पस्तीस वर्षं काढतात आणि पोरगं पाच वर्षांत तिसऱ्या कंपनीत जातं, ह्यावरून घरोघरी जी खडाजंगी चालते तिच्यात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट धरूनच चाललेलं असतं, की पूर्वीपासून असंच होतं, माणूस एकदा चिकटला की रिटायर होऊनच बाहेर पडायचा, आणि हे उड्या मारणं आत्ता सुरू झालंय. बाबा म्हणतात आजकालच्या पोरांना दम नाही, पोरगं म्हणतं तुम्ही लोकं घाबरून राहिलात. जरा मागे जाऊन बघितलं तर दोघांचंही चुकतं. पस्तीस वर्षं एका जागी काढायची ही जी नोकरी आहे ना, ती आपल्याकडे जेमतेम चाळीसेक वर्षं जोरात होती, स्वातंत्र्याच्या आसपास आली आणि १९९० नंतर गळायला लागली. तिच्या आधी जो पणजोबा होता त्याचं आयुष्य बाबांपेक्षा आजच्या पोराशीच जास्त जुळतं.

तर पणजोबापासूनच सुरू करू. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर ह्यांनी ताडदेवला काढली, कंपनी १८५४ ची आणि गिरणी चालू झाली १८५६ मध्ये. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा सगळीकडे चिमण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी, सातारा, घाटावरून माणसं यायला लागली. पण ही माणसं नोकरीला 'लागली' असं आज आपण म्हणतो तसं काही नव्हतं. गिरणीत घ्यायचं कुणाला, काढायचं कुणाला, हे ठरवायचा जॉबर, मुकादमच म्हणा, आणि तो बहुतेक आपल्याच गावचा, आपल्याच नात्यातला असायचा, त्याला दस्तुरी, म्हणजे काम दिल्याचे पैसे, द्यावी लागायची. मोठ्या संख्येने लोक बदली कामगार होते. म्हणजे काय, तर पहाटे भोंगा झाला की गेटवर जाऊन उभं राहायचं, आतला एखादा आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मशीनवर, तुम्हाला घेणार, सगळे आले तर तुम्ही परत खोलीवर. महिन्यात किती दिवस भरतील ते कुणीच सांगू शकत नसे. १९३५ मध्ये गिरणी मालकांनी बदलीचं कार्ड सुरू केलं, जॉबरचा हात जरा आखडला, पण बदली ती बदलीच राहिली.

आणि हा माणूस गिरणीला चिकटून नव्हता हे लक्षात घ्या. भात लावायला, होळीला, गणपतीला तो गावी जायचा आणि महिना-दोन महिने यायचाच नाही, परत आला की तीच गिरणी मिळेल असं नाही, शेजारची मिळेल. मालक लोक तेव्हा हेच रडगाणं गात असत की ह्यांना शिस्त नाही, हे टिकत नाहीत, कधी येतील कधी जातील नेम नाही. शंभर वर्षांपूर्वीची मालकाची तक्रार आणि आजच्या एचआरची तक्रार, शब्द सोडले तर काय फरक आहे सांगा.

मग परमनंट आलं कुठून? ते आलं लढून, आणि थोडं कायद्यातून. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा रविवारची सुट्टीसुद्धा नव्हती, ती १० जून १८९० पासून मिळाली. (आज रविवारी बॉसचा मेसेज आला की चिडणारे आणि त्यात काय एवढं म्हणणारे, दोघांनीही हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.) पण नोकरीची खरी भिंत बांधली गेली ती १९४६ ते १९५२ ह्या सहा-सात वर्षांत. स्टँडिंग ऑर्डर्सचा, म्हणजे नोकरीचे नियम लेखी ठरवण्याचा कायदा १९४६ चा, औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा, कारखाने कायदा आणि ईएसआय (कामगार विमा) १९४८ चे, पीएफ १९५२ चा. आठवड्याला ४८ तास, कामावरून काढायचं तर नोटीस आणि चौकशी, आजारी पडलं तर दवाखाना. पुढे १९७२ ला ग्रॅच्युइटी आली, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, पण अट अशी की सलग पाच वर्षं भरली पाहिजेत. १९७६ मध्ये तीनशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला बंद करायला किंवा कपात करायला सरकारची परवानगी लागेल असं आलं, १९८२ च्या दुरुस्तीत तो आकडा शंभरावर आणला.

ही सगळी यादी वाचून कंटाळा येईल, पण हिच्यातली प्रत्येक गोष्ट 'थांब, सोडू नकोस' असं सांगते. जितकी वर्षं जास्त तितकी ग्रॅच्युइटी, तितका पीएफ, सिनिऑरिटीने बढती, महागाई भत्ता आपोआप. सोडलं की सगळं शून्यावरून. आईबाबांना चिकाटी निसर्गतः जास्त मिळाली होती असं मला वाटत नाही, हिशोबच असा होता की सोडणारा वेडा ठरायचा.

त्यात १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारी झाल्या, १९८० ला आणखी ६, गावोगावी शाखा निघाल्या आणि मध्यमवर्गातल्या पोरापोरींना बँकेची परीक्षा हा राजमार्ग मिळाला. तिकडे १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, नाशिक, औरंगाबाद असे पट्टे उभे राहिले. टेल्कोत (आजची टाटा मोटर्स) किंवा बजाजमध्ये लागलेला जावई म्हणजे मुलीच्या बापाचं अर्धं ओझं उतरलं. स्थळ बघताना पगाराच्या आधी विचारायचे, परमनंट आहे ना? कंपनीची बस, कँटीन, सोसायटीचं कर्ज, दिवाळीला बोनस, आणि कितीतरी ठिकाणी बापाच्या जागी पोराला घ्यायची पद्धत. ५८ व्या वर्षी शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, सपत्नीक सत्कार, आणि पीएफ-ग्रॅच्युइटीच्या पैशांतून घर. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, त्याच्याकडे पुढे येतो.

एक मात्र सांगायला पाहिजे, हे सुख फार थोड्यांना मिळालं. शेतमजूर, घरकामाच्या बायका, बांधकामावरचे, ऊसतोडीला जाणारे, ह्यांच्या घरात परमनंट कधी आलंच नाही, त्यामुळे 'जुनी पिढी स्थिर होती' हे वाक्य म्हणताना आपण कुणाच्या घरातून बोलतोय ते तपासून घ्यावं. बायकांचं तर गिरणीतूनही उलटंच झालं, सुरुवातीला बऱ्याच बायका कामाला होत्या, नंतर रात्रपाळीला त्यांना बंदी आणि मशीन बदलली तसं त्यांचं प्रमाण घसरतच गेलं, आणि मग पुढच्या पिढीतली बाई कामावर दिसते ती शाळेत, टेलिफोनमध्ये, बँकेत, सकाळची लोकल पकडून डब्यात भाजी निवडत.

भिंतीला पहिली मोठी भेग पडली १८ जानेवारी १९८२ ला. गिरणी संप, पुढारी दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार. मागणी नुसती पगाराची नव्हती, बदली कामगारांना कायम करा हीही होती, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनला जी मान्यता दिली होती ती काढा ही होती. संप मागे घेतल्याचं कुणी रीतसर जाहीर केलंच नाही, तो विरून गेला, हजारो लोक गावी परतले ते परतलेच. ज्यांनी हे घरात बघितलं त्यांनी दोन वेगवेगळे धडे घेतले आणि इथेच पिढ्यांची खरी फाटाफूट आहे असं माझं मत. बाप म्हणाला बघ, नोकरी जाते म्हणजे काय होतं ते, म्हणून मिळालेली घट्ट धर. पोराने बघितलं की घट्ट धरूनही जाते. आज त्याच फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल आहे, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आणि हॉटेलं, आणि तिथे जी पोरं काँट्रॅक्टवर काम करतात त्यातल्या काहींचे आजोबा लोअर परळच्याच चाळीत राहत होते.

१९९१ नंतर मग वेग आला. कारखान्यांत व्हीआरएस, म्हणजे पैसे घेऊन स्वेच्छानिवृत्ती, हा शब्द आला, सोनेरी निरोप म्हणायचे त्याला. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनीही स्कीम काढली आणि लाखभर लोकांनी घेतली. गंमत बघा, १९८० च्या दशकात ह्याच बँकांच्या युनियनी कॉम्प्युटरला विरोध करत होत्या, १९८३ च्या करारात मोजकी मशीनं चालतील इतपत मान्य झालं. आणि १९८१ मध्ये इन्फोसिस नावाची कंपनी पुण्यात स्थापन झाली होती, दोन वर्षांनी बंगळूरला गेली. बँकेत कॉम्प्युटर नको म्हणून गेटसभेला उभे राहिलेले बाबा आणि हिंजवडीला प्रोग्रामर झालेली त्यांची मुलगी, अशी घरं पुण्या-ठाण्यात किती तरी निघतील.

हिंजवडीचा हिशोब मात्र पार उलटा. तिथे एका जागी बसलं तर वर्षाची हाइक आठ-दहा टक्के आणि स्विच केलं तर एका उडीत तीस. ऑफर लेटरमध्ये सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, लिहितात त्यात ग्रॅच्युइटीसुद्धा धरलेली असते, पण दोन-अडीच वर्षांत सोडणाऱ्याच्या हातात ती येतच नाही, आणि हे माहीत असूनही पोरं सोडतात कारण गणित जमतं. बाबा लेटर बघून पहिला प्रश्न तोच विचारतात, ग्रॅच्युइटीचं काय, आणि पोरीला कळत नाही की हे एवढ्याशा आकड्याला का अडून बसलेत. २०२२ मध्ये काही मोठ्या आयटी कंपन्यांतलं सोडून जाण्याचं प्रमाण वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं होतं, म्हणजे चारातला एक बाहेर. नंतर ले-ऑफ सुरू झाले तेव्हा बाबा म्हणाले, बघ.

पण स्विच मारणारे म्हणजेच नवी पिढी असं समजणं ही शहरी चूक आहे. चाकणला जा. तिथे पोरगं स्वतःहून सोडत नाही, त्याला ब्रेक देतात. वर्षात २४० दिवस भरले की कायम करण्याचा हक्क सांगता येतो, म्हणून सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरा काँट्रॅक्टर, दुसरा गेटपास, कधी कधी तीच लाईन आणि तेच मशीन. आयटीआय, डिप्लोमा झालेली पोरं ट्रेनी म्हणून घेतात, ट्रेनी म्हणजे कामगार नाही, मग युनियनचा प्रश्नच मिटला. एकाच शेडमध्ये एकाच शिफ्टला परमनंट काका आणि काँट्रॅक्टचा पोरगा शेजारी उभे असतात, काम तेच, पगारात दुपटी-तिपटीचा फरक, आणि जेवणाच्या सुट्टीत काका सांगतात आजकाल पोरं टिकत नाहीत! २०२० मध्ये संसदेने नवी कामगार संहिता मंजूर केली तिच्यात कारखाना बंद करायच्या परवानगीचा आकडा शंभरावरून पुन्हा तीनशेवर नेलाय, म्हणजे १९७६ ला होता तिथे.

आता तो घराचा मुद्दा. बाबांनी घर रिटायर होताना घेतलं, तोवर भाड्याने, चाळीत नाहीतर क्वार्टरमध्ये. सामान्य माणसाला घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी निघाली तीच १९७७ ला आणि तिचा जम बसायलाही वेळ गेला. पोरगं घर घेतं तिशीत, वीस वर्षांच्या ईएमआयवर. म्हणजे नोकरी कच्ची आणि हप्ता पक्का. बाबांचं आयुष्य नेमकं उलटं होतं, नोकरी पक्की आणि घराचं बघू नंतर. म्हणून लग्न उशिरा, एकच मूल, आणि महिन्याच्या पाच तारखेला पोटात गोळा, ह्या सगळ्याला लोकं 'संस्कार' आणि 'विचारसरणी' वगैरे नावं देतात, मला त्यात हप्त्याचा हात जास्त दिसतो.

तासांचं भांडणही असंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं, आणि लोकांनी ते जुनी पिढी कष्टाळू, नवी आळशी ह्या खात्यात टाकलं. पण बँकेतले किंवा कारखान्यातले बाबा ७० तास कुठे करत होते? पाळी संपली की भोंगा व्हायचा, पावणेसहाला माणूस घरी, संध्याकाळी गणपती मंडळाची मीटिंग नाहीतर कॅरम. ७० तासांचं उदाहरण शोधायचं तर पुन्हा लोखंड्यांच्या काळातल्या गिरणीत जावं लागेल, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत.

आणि बाबांचं शेवटी सगळं छान झालं असंही नाही. खासगी कंपनीतून रिटायर झालेल्यांची पेन्शन १९९५ च्या योजनेतली, २०१४ मध्ये तिची किमान रक्कम १००० रुपये केली, महिन्याला. पस्तीस वर्षं इमानेइतबारे काढलेला माणूस दोन-अडीच हजारांची पेन्शन घ्यायला दर वर्षी हयातीचा दाखला देतो.

पेन्शन खरी राहिली ती सरकारात, आणि तिथेही एक तारीख आडवी आली. राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, त्या दिवसापासून लागलेल्यांना नवी, बाजाराच्या चढउतारावर चालणारी, असं ठरलं. एका टेबलावर बसणाऱ्या दोघांत कधी कधी काही महिन्यांचाच फरक आणि म्हातारपण मात्र वेगळं. १४ मार्च २०२३ ला 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर संप झाला, आठवडाभर शाळा-दवाखाने-कचेऱ्या ठप्प, आणि त्यात पुढे होते ते चाळिशीच्या आतबाहेरचे, ज्यांना आपण उड्या मारणारी पिढी म्हणतो तेच. त्याच वर्षी तलाठी भरती निघाली, साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज दहा लाखांच्या वर. त्यात इंजिनिअर होते, चाकणहून ब्रेक मिळालेले होते, सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून चार-चार वर्षं अभ्यासिकेत बसलेले होते, आणि फॉर्मचे हजारेक रुपये बहुतेकांना घरूनच आले होते, बाबांच्या पेन्शनीतून.